डबा उचलला, गोळी घेतली का?

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका सकाळी एक काकू माझ्या दवाखान्यात आल्या. वय ७९. पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत एकट्या राहतात. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. रक्तदाब जुना, हृदयाचे काम थोडे मंदावलेले. त्या दिवशी दोन्ही पावलांवर सूज होती. बोटाने दाबले की खळगा तसाच राहत होता. "गोळ्या वेळेवर घेता ना?" या माझ्या प्रश्नाला नेहमीचेच उत्तर आले, "घेते हो डॉक्टरीणबाई, एकही चुकवत नाही." मी त्यांच्या पिशवीतल्या स्ट्रिपा टेबलावर मांडून मोजल्या. अंगातले पाणी लघवीवाटे उतरवणारी जी गोळी असते, तिच्या महिन्याच्या पुरवठ्यातल्या नऊ गोळ्या शिल्लक होत्या. बाकीच्या गोळ्यांचा हिशेब मात्र तंतोतंत जुळत होता. या दुसऱ्या गोष्टीकडे मी तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही, हे आधीच कबूल करते.

त्याच रात्री त्यांच्या मुलीचा सिअ‍ॅटलहून फोन आला. "आई विसरायला लागली आहे" हे तिने जवळजवळ ठरवूनच टाकले होते. दोन महिन्यांपूर्वी गॅसवर दूध राहिले होते. एकच हकिकत आई फोनवर दोनदा सांगते. आणि आता या नऊ गोळ्या. तिची भीती मी उडवून लावणार नव्हते. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. परंतु मी घेतलेल्या स्मरणशक्तीच्या छोट्या चाचणीत काकू उत्तम उतरल्या होत्या. मुलीपुढे दोन पर्याय होते : आईला तिकडे नेणे किंवा चांगला वृद्धाश्रम शोधणे. यांपैकी काही ठरवण्याआधी तिला घरभर सेन्सर बसवायचे होते. "आई दिवसभर काय करते ते मला इथे दिसलं पाहिजे," ती म्हणाली.

अशी विचारणा करणारी ती काही पहिली नव्हे. परदेशी किंवा परगावी असलेल्या मुलामुलींकडून ती आता दर महिन्याला येते. म्हणून या यंत्रांना काय कळते आणि काय कळत नाही, हे एकदा नीट पाहू या.

वृद्धाची प्रकृती कशी आहे, हे रक्ताच्या तपासणीइतकेच त्याच्या दिनक्रमावरून कळते, ही गोष्ट वैद्यकाला जुनीच ठाऊक आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली सहा साध्या कृतींची मोजपट्टी मांडली : अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. पुढे १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्यात घर चालवण्याची कामे आणली. स्वयंपाक, खरेदी, कपडे धुणे, टेलिफोन, पैशांचे व्यवहार, स्वतःची औषधे घेणे यांचा त्यात समावेश होतो. आजही आम्ही या याद्यांवरून प्रश्न विचारतो. अडचण अशी, की उत्तरे बहुधा सारखीच येतात. "सगळं माझं मी करते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यातला आवाज किती कापतो यावरच मला अंदाज बांधावा लागतो. म्हातारी माणसे खोटे बोलतात असे नाही. खरे सांगितले तर आपले घर सुटेल, ही भीती त्यांच्या मनात असते. सेवा करणारी बाई असेल तर तिने आठवडाभराचा तक्ता शनिवारी रात्री एकदम भरलेला असतो.

हा तक्ता यंत्राला आपोआप भरता येईल का, असा प्रश्न वीस वर्षांपूर्वी काही संशोधकांनी घेतला. योगायोगाने ते त्याच सिअ‍ॅटलचे. तेथील इंटेल कंपनीच्या संशोधनशाळेतले मथाई फिलिपोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कल्पना साधी होती : माणूस कोणत्या वस्तूंना हात लावतो हे कळले, की तो काय करतो आहे हे बहुतेक कळते. चहाचे भांडे, साखर आणि कप यांना लागोपाठ हात लागला, तर माणूस दाढी करत नाही हे सांगायला ज्योतिषी नको.

वस्तू ओळखायला त्यांनी रेडिओ-लहरींवर चालणारे टॅग वापरले. ही चीज आपल्याला अनोळखी नाही. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच कुळातला. फेब्रुवारी २०२१ पासून तो टोलनाक्यावर सक्तीचा झाला, तेव्हापासून तो आपण रोज पाहतो. त्यात बॅटरी नसते. नाक्यावरचे वाचकयंत्र रेडिओ-लहरी सोडते. त्या लहरींतूनच टॅगमधल्या बारीकशा चिपला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक सांगून पुन्हा गप्प होते. घरातल्या वस्तूंवर चिकटवलेले टॅग तसेच चालतात, फक्त ते काही सेंटिमीटरांवरूनच वाचले जातात. त्यामुळे वाचकयंत्र हाताजवळ असावे लागते. सिअ‍ॅटलच्या मंडळींनी ते एका हातमोज्यात बसवले. पुढे त्याचे कडे केले.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका खऱ्याखुऱ्या घरातल्या वस्तूंवर १०८ टॅग लावले होते. १४ स्वयंसेवकांनी हातमोजा घालून तेथे नित्याची कामे केली. एकूण १४ प्रकारच्या कृती यंत्राने ओळखायच्या होत्या. यंत्राने जे ओळखले, त्यातले ८८ टक्के बरोबर निघाले. प्रत्यक्षात जे घडले, त्यातले ७३ टक्के त्याला ओळखता आले. संशोधक म्हणून पाहिले तर हे फार मोठे यश होते. पण मुलगी म्हणून हेच आकडे वाचा. घडलेल्या शंभर गोष्टींपैकी सत्तावीस यंत्राला दिसल्याच नाहीत. हाच दर गोळ्यांना लावला, तर महिनाभर एकही गोळी न चुकवणाऱ्या आईबद्दल "आज घेतली नाही" असा निरोप आठ दिवस येईल. सातासमुद्रापार बसलेल्या लेकीच्या रक्तदाबाचे काय होईल, ते मी सांगायला नको.

यंत्रे तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत. परंतु काही अडचणी मूळच्या आहेत आणि आपल्या स्वयंपाकघरात त्या अधिक जाणवतील. धातू या लहरींची वाट बिघडवतो. कागदी खोक्यांच्या आणि प्लास्टिकच्या बरण्यांच्या घरात टॅग खुशाल चिकटवता येतात. आपल्याकडे मांडणीवर डाळीच्या डब्यापासून पिण्याच्या पाण्याच्या पिंपापर्यंत सगळे स्टीलचे. त्यासाठी वेगळे, जाड पाठीचे टॅग मिळतात, पण मग कामही वाढते आणि खर्चही. हातातल्या पाटल्याबांगड्यांचा धातू पुन्हा वेगळा. आणि कणीक मळताना हातमोजा कोण घालणार? ज्यांनी हा प्रयोग योजला त्यांनी कधी कणीक मळली नसावी, अशी मला शंका आहे.

कृतींची ओळखही एका घराची दुसऱ्या घरात चालत नाही. चहाला कोणत्या वस्तू लागतात, रोज नवे सांगायला नको म्हणून याच गटाने संगणकाला इंटरनेटवरच्या 'हे कसे करावे' छापाच्या पानांतून ते शिकवले. युक्ती सुरेख होती. मात्र तिकडच्या मजकुरात चहा म्हणजे किटली आणि चहाची पुडी. पातेले, गाळणी आणि ठेचलेले आले दिसले, तर असा संगणक बहुधा रस्सा चालला आहे असे म्हणेल.

दुसरा मार्ग वस्तूंना सोडून घराला कान लावण्याचा. दारावर चुंबकाचा छोटा सेन्सर, खोलीत हालचाल टिपणारा, गादीखाली श्वासाची आणि कुशी बदलण्याची चाहूल घेणारा. अंगावर काही घालायला नको, कॅमेरा नको. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी दोन सदनिकांत अनुक्रमे ७७ आणि ८४ सेन्सर बसवून दोन आठवडे नोंदी घेतल्या. एका घरात ३० वर्षांची स्त्री, दुसऱ्यात ८० वर्षांची. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००८ सालच्या अशाच अभ्यासात २६ वर्षांच्या एका तरुणाच्या घरात १४ सेन्सर होते आणि नोंदी २८ दिवसांच्या. या तिन्ही घरांत एकेकच माणूस राहत होते, हे ध्यानात घ्या. दार उघडले हे सेन्सरला कळते. कोणी उघडले ते कळत नाही. आपल्याकडे 'एकट्या राहणाऱ्या' आजींच्या घरी सकाळी कामाच्या बाई, दुपारी शेजारीण, संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मुले असा राबता असतो. त्या माणसांमुळे यंत्र गोंधळते. आजी त्यांच्यामुळेच शहाण्या राहतात.

तरीही या मार्गाने एक मोलाची गोष्ट साधली आणि ती 'कृती ओळखणे' या मूळ हेतूपेक्षा वेगळी आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया शहरी टायगरप्लेस नावाचे वृद्धनिवास आहे. मेरिलिन रँट्झ या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका आणि मार्जरी स्कुबिक या अभियंत्या यांनी तेथे अनेक वर्षे काम केले. त्यांचे यंत्र आजी आत्ता काय करतात या प्रश्नात फारसे अडकत नव्हते. आजींचा हा आठवडा त्यांच्याच मागच्या आठवड्यांपेक्षा वेगळा आहे का, एवढेच ते पाहत असे. रात्री शौचालयाकडे जाण्याच्या खेपा अचानक वाढल्या, तर लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होत असण्याची शक्यता असते. उतारवयात या आजारात पुष्कळदा ताप येत नाही, जळजळही सांगितली जात नाही. घरच्यांना एकदम दिसतो तो गोंधळलेपणा किंवा पडणे. खेपांची संख्या त्याआधी बोलू लागते. झोपेतली तळमळ वाढणे, खोलीतून खोलीत जायला अधिक वेळ लागणे, हे असेच मूक निरोप होत.

तेथील एका तुलनेत सेन्सर असलेले रहिवासी सरासरी १,५५७ दिवस त्या निवासात राहू शकले, सेन्सर नसलेले ९३६ दिवस. फरक दीड वर्षाहून मोठा आहे. पण जाहिरातीत न छापली जाणारी बाब अशी, की दोन्ही गटांवर परिचारिकांची देखरेख होती आणि यंत्राचा इशारा त्या परिचारिकांकडे जात असे. इशारा मिळाला की कोणीतरी उठून त्या खोलीत जाई, नाडी पाही, विचारपूस करी. हा 'कोणीतरी' घरच्या खोक्यात मिळत नाही.

जपानने २००१ साली याहून सोपे केले. झोजिरुशी या कंपनीच्या पाणी उकळण्याच्या विजेच्या भांड्यात निरोप पाठवण्याची सोय आली. वृद्ध आईवडिलांनी चहासाठी ते वापरले, की त्याची नोंद दूरच्या मुलांना मिळे. ओळखायची वस्तू एक, सवय एक. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती आपल्याकडे यंत्रावाचून चालतच होती. दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत आत गेली नाही, तर समोरच्या वहिनी घंटी वाजवीत.

मी मुलीला सांगितले, की सेन्सर कुठे बसवायचे ते तू आणि मी ठरवायचे नाही. पुढच्या रविवारी आम्ही तिघी बोललो. ती फोनच्या पडद्यावर, काकू आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात. काकू आधी काही बोलेनात. मग म्हणाल्या, "दूध उतू गेलं की तुला तिकडे घंटा वाजणार, आणि तू मला इथून हलवणार. मग मी दूध तापवायचंच सोडीन." मुलगी रडवेली झाली. ते वाक्य मला तरी खोटे वाटले नाही. पहारा आहे म्हणून कामच टाळणारी वृद्ध माणसे मी पाहिली आहेत. आणि काम टाळले की हातपाय व बुद्धी दोन्ही गंजतात.

शौचालयाच्या दारावर सेन्सर का हवा, हे मी समजावले. त्यावर त्या म्हणाल्या, "मी रात्री किती वेळा उठते, हे जावईबापूंना कशाला कळायला हवं?" सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही संमत झाला. त्या कायद्यात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. पण त्या प्रश्नात मला त्या शेकडो पानांचे सार सापडले.

ठरले ते असे. कॅमेरा नाही. मुख्य दार, फ्रीज आणि शौचालय या तीन दारांवर सेन्सर. गोळ्यांच्या डब्याच्या तळाला टॅग आणि ताटलीखाली वाचकयंत्र, म्हणजे डबा उचलला की नोंद. शौचालयाच्या खेपांचे आकडे फक्त मला दिसावेत. सकाळी नऊपर्यंत फ्रीज उघडला नाही तर पहिला फोन काकूंनाच, त्यांनी उचलला नाही तर समोरच्या वहिनींना, आणि त्यानंतरच सिअ‍ॅटलला. अभियांत्रिकीला असलेल्या त्यांच्या भाच्याने दोन शनिवारांत ही जुळणी केली. "आत्या, यात तुझा आवाज जात नाही," हे त्याला चारदा सांगावे लागले.

पहिल्या महिन्यात डबा रोज सकाळी आठच्या सुमारास उचलला गेल्याची नोंद होती. मुलगी निश्चिंत झाली. महिनाअखेरीस मी स्ट्रिपा मोजल्या, तर पाण्याच्या गोळ्या पुन्हा आठ शिल्लक. यंत्र खोटे बोलले नव्हते. डबा उचलला होता, बाकीच्या गोळ्या घेतल्याही होत्या. टॅगला बोटांचा स्पर्श कळतो, गिळणे कळत नाही.

मग मी शौचालयाच्या दाराचे आकडे काढून बसले. ही गोळी सकाळी घेतली, की तासाभरात परिणाम सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. बहुतेक दिवशी नऊ ते एकच्या दरम्यान चार-पाच खेपा होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी एक, फार तर दोन. त्याच दोन दिवशी सकाळी दहाला मुख्य दार उघडल्याची नोंद होती आणि नंतर थेट दीडला.

पुढच्या भेटीत मी काकूंना विचारले, "मंगळवारी-शुक्रवारी कुठे जाता?" त्या एकदम गप्प झाल्या, मग हसल्या. भजनी मंडळ. देवळाच्या सभागृहात शौचालय आहे, पण त्याला कुलूप आणि किल्ली गुरवाकडे. एकदा फजिती होता होता राहिली. तेव्हापासून त्या दोन दिवशी ती एक गोळी डब्यातून काढून पुन्हा स्ट्रिपेच्या पाकिटात नीट ठेवून देत. नऊ गोळ्या त्या विसरल्या नव्हत्या. लक्षात ठेवून टाळल्या होत्या. "आधी का नाही सांगितलंत?" असे मी म्हणाले, तर उत्तर आले, "तुम्ही भजन बंद करा म्हणाला असतात."

त्या दोन दिवशी गोळी दुपारी परतल्यावर घ्यायची, असे मी ठरवून दिले. त्यांच्या प्रकृतीला हा बदल चालणारा होता. वाचकांनी कोणतीही गोळी अशी मनाने पुढेमागे करू नये. तीन आठवड्यांत पावले उतरली. वृद्धाश्रमाचा विषय मुलीने पुन्हा काढलेला नाही.

सगळेच सुरळीत आहे असेही नाही. फाल्गुनात काकू न सांगता बहिणीकडे सांगलीला गेल्या. दुसऱ्या दिवशी फ्रीज उघडला नाही. त्यांचा मोबाइल पिशवीच्या तळाशी होता, समोरच्या वहिनी गावाला. निरोप सिअ‍ॅटलला पोचला आणि तिथल्या रात्री साडेनऊला त्या मुलीने मला, भाच्याला आणि इमारतीच्या रखवालदाराला फोन केले. आम्ही कुलूप फोडणार, तेवढ्यात सांगलीहून फोन आला. आता किल्लीच्या जुडग्याला एक टॅग आहे; खुंटीवर जुडगा नसला, की यंत्र काकू बाहेर आहेत असे धरून चालते.

माझ्याकडे असे सेन्सर विचारणाऱ्यांना मी सध्या तीनच प्रश्न विचारते. ज्यांच्या घरी बसवायचे त्यांनी स्वतः हो म्हटले आहे का? आकडे कोणाला दिसणार आणि कोणाला नाही? आणि इशारा आला तर दहा मिनिटांत दारापर्यंत चालत येऊ शकणारे माणूस कोण? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण थांबतात. त्याचे उत्तर नसेल, तर यंत्राचे पैसे आधी शेजाऱ्यांना फराळाला बोलावण्यात घालवावेत, असे माझे मत आहे.

काकूंच्या घरी गॅसवर सेन्सर बसवण्याचे अजून ठरलेले नाही. मुलगी दिवाळीत येणार आहे, तेव्हा तो विषय ती काढणार आहे. काकूंनी मला आधीच बजावून ठेवले आहे, की त्या दिवशी मी त्यांच्या बाजूने बसायचे.